मच्छीबाजारातला बर्फ

गोंदियातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या मे महिन्यात मी तिसऱ्यांदा तेच करत होते. माणसाचं एक जनुक जिवाणूत घालून त्याच्याकडून त्वचेच्या पेशींना वाढवणारं, पुढेमागे जखमा भरायला उपयोगी पडेल असं प्रथिन बनवून घ्यायचं, मग जिवाणू फोडून ते वेगळं काढायचं. आधीचे दोन्ही प्रयत्न वाया गेले होते. गाळायच्या नळीत भरायचे, प्रथिन धरून ठेवणारे मणी एका वेळेपुरतेच उरले होते.

सकाळी जिवाणू फोडले, गाळ खाली बसवला आणि अकराच्या सुमारास वीज गेली. जिवाणू फुटले की त्यांचेच पाचकरस प्रथिन कुरतडू लागतात; थंडाव्यात ते मंदावतात. थंड कपाटातला तापमानाचा काटा चार अंशांवरून नवावर गेला. नागपूरला माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला, तो लागेना. मी नुसती काट्याकडे बघत बसले.

प्रयोगशाळेत कामाला असलेल्या मावशी दारातून म्हणाल्या, "कायले घाबरून राहिली पोरी?"

"थंड राहिलं नाही तर सगळं नासेल, मावशी."

"बर्फच पाहिजे ना? मंग बसून काऊन राहिली?"

त्या ऑटोने मच्छीबाजारात गेल्या. काटा चौदावर पोचला तेव्हा परतल्या, पोत्यात धानाच्या भुशात गुंडाळलेली लादी घेऊन. आम्ही ती मुसळाने फोडली, धुतली, थर्माकोलच्या पेटीत मणी भरलेल्या नळीभोवती रचली. नळीला वीज लागत नव्हती, फोडलेल्या जिवाणूंचा द्रव आपल्या वजनाने उतरत होता. एकेक थेंब. बर्फ वितळला की मावशी पाणी उपसायच्या, नवा भरायच्या. त्यांची बोटं पांढरी पडली होती. मला त्यांना थांबा म्हणायचा धीर झाला नाही.

चारच्या सुमारास, मण्यांवरून सोडवलेलं प्रथिन ज्यांत गोळा केलं त्या शेवटच्या छोट्या नळ्यांतला थेंब तपासणीच्या तपकिरी रंगात टाकला. तो निळा झाला. म्हणजे प्रथिन होतं. पण शाबूत होतं का?

वीज आल्यावर, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पाहिलं. एक ठळक पट्टा, आणि खाली पुसट दुसरा. थोडं कुरतडलं गेलंच होतं. आता सरांना फोन लागला, त्यांना दोन्ही पट्ट्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "चालेल. पेशींवर टाकून पाहू."

चार दिवसांनी नागपूरला सूक्ष्मदर्शकाखाली आमचं प्रथिन घातलेल्या त्वचेच्या पेशींनी बशी भरून टाकलेली मी पाहिली. प्रथिन न घातलेली बशी अर्धी रिकामी होती. मी तिथूनच मावशींना फोन केला.

"मंग आता जखमा भरतीन?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी. त्याला अजून फार वर्षं आहेत."

"मंग लवकर ये," त्या म्हणाल्या, "काम पडलं आहे."