अनुभव : निरंक

आमच्या कार्यालयात 'निरंक' हा शब्द रोजच्या वापरातला होता. रकान्यात भरायला काही नसलं तरी तो मोकळा सोडायचा नाही, तिथे निरंक लिहायचं. मोकळा रकाना दिसला की साहेब कागद परत फेकत. छत्तीस वर्षं मी पंचायत समितीत कारकुनी केली, आणि माझ्या हातचा एकही कागद परत आला नाही. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी जयताळ्यातल्या आमच्या गल्लीत कुणाला अर्ज लिहायचा असला की तो चंपतरावांचं, म्हणजे माझंच दार वाजवतो. मी कटकट करतो, चुका काढतो, पण लिहून देतो.

जयवंता आमच्या समोरच्या घरातली. वय बेचाळीस, शिक्षण नववी. तिचा नवरा संघपाल हिंगण्याच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. जानेवारीत मोटरसायकल घसरली आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. आत रॉड टाकला. डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने पाय जमिनीला लावायचा नाही. कंत्राटदाराने दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या जागी माणूस घेतला. घरात तिसरी उन्नती, त्यांची मुलगी, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेला दोन महिने उरले होते.

त्या बुधवारी जयवंता माझ्या दारात आली तेव्हा तिच्या हाताला कणीक तशीच होती. कुणाचा अपघात सांगावा तशा आवाजात ती म्हणाली, "काका, पोरीनं नोकरी लावून घेतली."

मला काही कळेना. मग हळूहळू कळलं. उन्नती सकाळी सीताबर्डीला गेली होती. कपड्याच्या एका दुकानाच्या काचेवर कागद चिकटवलेला होता, मुली पाहिजेत, अनुभवाची गरज नाही. मालकाने तिला दोनच प्रश्न विचारले, दिवसभर उभी राहशील का आणि कधीपासून येशील. ती म्हणाली, सोमवारपासून. सकाळी दहा ते रात्री नऊ.

"आणि परीक्षा?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी देईन म्हणते."

मी खुर्चीतून उठलोच. पुढच्या वर्षी म्हणणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत. दहा वर्षांनी ती माझ्याकडे लग्नानंतरच्या नाव बदलाचा अर्ज लिहून घ्यायला येतात, परीक्षेचा नाही. हुशार, धडधाकट पोरगी दोन तासांत नोकरी घेऊन येते आणि त्या दोन तासांत तीन वर्षांचं शिक्षण घालवून येते, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. मी जयवंतावरच ओरडलो, तू तिला जाऊ काहून दिलं म्हणून.

"मले सांगून गेली का ते?" ती म्हणाली. "मी म्हटलं, मी लागते कामाले. तर म्हणते, सोमवारच्या आत लाग, मी नाही जाणार. तिले माहीत आहे ना, मले कोण घेते."

"तू लागलीस तर संघपालजवळ कोण?"

"ते मंग पाहू. आधी तुम्ही मले कागद लिहून द्या."

मी कोरा कागद घेतला. नाव, वय, पत्ता, शिक्षण. मग मी विचारलं, "अनुभव?"

"काही नाही, काका. घरीच राहिली ना मी."

मी वळणदार अक्षरात लिहिलं, निरंक. खाली पट्टीने रेघ मारली. कागद चांगला दिसत होता.

गुरुवारी ती हिंगण्याला गेली. एका कंपनीच्या फाटकावर विचारलं, मशीनवर काम केलं आहे का. दुसऱ्या फाटकावरच्या माणसाने कागद वाचला, निरंक या शब्दावर बोट ठेवलं आणि परत दिला. शुक्रवारी ती एका शाळेत गेली. तिथे आया पाहिजे होती, पण दोन वर्षांचा अनुभव असलेली. संध्याकाळी कागदाची चौघडी हातात घेऊन ती ओट्यावर बसली. मी संतापलो होतो. वीस वर्षांच्या पोरीला अनुभव नसला तर नवी आहे म्हणून घेतात. बेचाळीसच्या बाईला नसला तर तिच्याकडे असं पाहतात, जणू इतकी वर्षं ती झोपूनच होती. मी तसं बोलून दाखवलं. उन्नती आत नव्या नोकरीसाठी पंजाबी ड्रेसला इस्त्री करत होती आणि संघपाल पलंगावरून छताकडे पाहत होता.

शनिवारी सकाळी मला पेपरात जाहिरात दिसली. धंतोलीतलं एक रुग्णसेवा केंद्र. घरोघरी आजारी माणसांजवळ राहायला बायका पाहिजेत, त्वरित. त्वरित हा शब्द वाचून मी चपला घातल्या. जयवंता एकटी गेली तर कागदावरूनच परत येईल, मी सोबत असलो तर दोन शब्द बोलेन, असा माझा हिशोब. आम्ही मेट्रोने सीताबर्डीला उतरलो. स्टेशनच्या खाली कपड्यांची दुकानं उघडत होती. त्यातलं उन्नतीचं दुकान कोणतं ते तिने विचारलं नाही, मीही नाही. ऑटो करून धंतोलीत गेलो.

केंद्र म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेर टेबल, आत लोखंडी पलंग. टेबलावर नंदिनी मॅडम होत्या, मोठ्या दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी कागदावर नजर टाकली.

"अनुभव नाही."

"नाही जी," जयवंता म्हणाली.

मी दोन शब्द बोलायला आलो होतो, ते बोललो. बाई प्रामाणिक आहे, शेजारची आहे, मी वीस वर्षं ओळखतो. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असं आहे काका, नव्या बायकांना आम्ही महिनाभर शिकवतो आणि मग पाठवतो. आता आलात तर एकदा आत बघून घेते."

आत पलंगावर त्यांच्याकडचा अनिश नावाचा माणूस आडवा झाला. चांगला भरलेला गडी. मॅडम म्हणाल्या, "समजा, ह्यांना लकवा झाला आहे. उजवी बाजू गेली, बोलता येत नाही. ह्यांना कुशीवर करा."

आमच्या आधी आलेली एक बाई प्रयत्न करून दमून बसली होती. तिने त्याला खांद्याला धरून ओढलं होतं. जयवंताने पदर खोचला. आधी ती त्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "भाऊ, आता तुमाले कुशीवर घेते बरं. भेव नका." मग गुडघा दुमडला, एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि तो ऐंशी किलोचा माणूस कूस बदलून मोकळा झाला. तिने दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घातली. लुळ्या हाताखाली चादरीची घडी ठेवली. मग खाली जाऊन त्याच्या टाचा पाहिल्या.

"टाचा काहून पाहिल्या?" मॅडमनी एकदम आमच्या बोलीत विचारलं.

"तिथं आधी लाल होते मॅडम. आणि माकडहाडाजवळ. तेव्हाच समजलं तर फोड येत नाही."

"कुठे शिकलात?"

"शिकली कुठं. आमच्या समोर आजी होत्या ना."

मी दारात उभा होतो. ती आजी म्हणजे माझी आई.

आईला, गोपिकाबाईला, लकवा झाला तेव्हा माझ्या नोकरीची साडेचार वर्षं उरली होती. बायको त्याआधीच गेली होती. पगारी बाई ठेवली, ती दहाव्या दिवशी निघून गेली. अकराव्या दिवशी जयवंता सकाळी येऊन म्हणाली, तुम्ही जा ऑफिसला, मी आहे. त्यानंतर चार वर्षं ती रविवारीही यायची, रात्रीही उठून समोरून येऊन जायची, आणि मी रोज ऑफिसला गेलो. दर दिवाळीला तिला साडी दिली, काटोलची संत्री आली की पिशवी भरून दिली. आई गेली तेव्हा ती माझ्याहून जास्त रडली. शेजारीण आहे, पोटच्या पोरीसारखी आहे, असं मी चारचौघांत कौतुकाने सांगायचो. ते काम होतं, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. तिच्याही मनात आलं नाही. बुधवारी तिच्यासमोर बसून मी तिच्या नावापुढे निरंक लिहिलं, आणि खाली रेघ मारली.

मॅडम विचारत होत्या, "पेशंट बोलत नसेल तर दुखतंय हे कसं समजायचं?"

"आजी डाव्या पायाचा अंगठा आवळत होत्या. बाकी कुठं काही दिसत नव्हतं."

मला हे माहीत नव्हतं. मी रोज संध्याकाळी अर्धा तास आईजवळ बसायचो, पेपर वाचत.

"आणि वेळेवर कूस बदलायचात?"

"दोन-दोन घंट्यानं. पाच वाजता मात्र काही झालं तरी दरवाज्याकडं तोंड करून देत होती. काकांची यायची वेळ ना. तिकडं तोंड नसलं का त्या अंगठा आवळत होत्या."

मी संध्याकाळी घरी शिरायचो तेव्हा आई दाराकडे तोंड करूनच असायची. चार वर्षांत एक दिवस चुकला नाही. मला वाटायचं, आई माझी वाट पाहते. ते खरंच होतं. पण जिची अर्धी बाजू गेली आहे ती बाई स्वतः होऊन वळणार कशी, हा प्रश्न छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका काढणाऱ्या माणसाला पडला नव्हता. मी बाहेरच्या खुर्चीवर येऊन बसलो.

मॅडम बाहेर आल्या. "काका, मला माणूस आजच पाहिजे. एक पेशंट आहेत, उद्या सकाळी आठपासून. पण फाइलला अनुभवाचं पत्र लागतं, जिथे काम केलं त्यांचं. पत्र असेल तर उद्याच पाठवते. नसेल तर नव्यांच्या यादीत, महिनाभर थांबायचं."

महिना म्हणजे उन्नती दुकानात. मी खिशातून पेन काढलं. मला हायसं वाटलं होतं, कारण हे काम मला येत होतं. मी भराभरा लिहिलं आणि वाचून दाखवलं, "प्रमाणित करण्यात येते की, सदर महिलेने माझ्याकडे चार वर्षे रुग्णसेविका म्हणून काम केले."

"असं नका लिहू, काका," जयवंता म्हणाली.

"काहून?"

"मी तुमच्याकडं कामाले नव्हती."

मला वाटलं, ती लाजते आहे. मी समजावलं, फाइलला असंच लागतं. तिने मान हलवली. "आजीले मी आजी म्हणून केलं. आता माझी गरज पडली म्हणून मी म्हणू का, की मी तिथं नोकरीवर होती?"

"अगं, सोमवार आहे परवा. पोरीचा विचार कर," मी आवाज चढवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हात मांडीवर ठेवून तशीच बसली. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. जे तिने कधी विकलं नाही ते मी दोन ओळींत विकायला निघालो होतो, तेही तिच्याच भल्यासाठी म्हणून. अनिश पाणी घेऊन आला. मॅडम घड्याळाकडे पाहत होत्या.

मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मला नमुना आठवेना. लिहिलं ते असं होतं.

"माझी आई गोपिकाबाई चार वर्षे अंथरुणावर होती. जयवंताने तिला भरवले, धुतले, दोन-दोन तासांनी कुशीवर केले. आईला एकदाही फोड आला नाही. जयवंता आमच्याकडे कामाला नव्हती. हे काम माझे होते. ते तिने केले म्हणून माझी नोकरी पूर्ण झाली."

मी ते वाचून दाखवलं. जयवंता म्हणाली, "हे चालते."

मॅडमनी कागद घेतला, दोनदा वाचला. "ह्याला पत्र म्हणत नाहीत काका," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पंचिंग मशीनने त्याला दोन भोकं पाडली आणि फाइलला लावला. "उद्या आठ वाजता. पत्ता लिहून घ्या."

परतताना मेट्रोत तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. "काका, आता यांच्याजवळ कोण बसन? पोरगी कॉलेजात जाईन, मी तिथं."

"मी," मी म्हणालो.

ती पाहतच राहिली. "तुमाले येते का काही?"

रविवारी उन्नती घरी असेल, सोमवारी किती वाजता येऊ, एवढंच मी विचारलं.

सोमवारी उन्नती इस्त्री केलेला ड्रेस घालून कॉलेजला गेली. दुकानात तिने फोनवर नाही म्हणून कळवलं होतं. मी दहा वाजता समोर गेलो. साडेदहाला संघपालला लघवीचं भांडं लागलं. जयवंताने ते कुठे ठेवलं आहे हे सांगून ठेवलं होतं. मी ते उलटं धरलं. थोडं चादरीवर सांडलं. तो मोडक्या पायाचा माणूस शरमेने मेला आणि मीही. चादर कशी बदलायची ते मला माहीत नव्हतं. त्याला एका कुशीवर करायला गेलो तर तो दुखून ओरडला. चार वर्षं माझ्या घरात हे रोज होत होतं, आणि मी संध्याकाळी येऊन स्वच्छ चादरीजवळ बसत होतो.

मी वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं. तिने त्या दिवशी आधी बोलून घेतलं होतं, एवढं मला आठवत होतं.

"संघपाल, आता तुले कुशीवर घेतो बरं," मी म्हणालो. "भेव नको. मी नवा आहे."