तांब्याभर पाण्याची काटकसर

सासरच्या पेटत्या चुलीत मी एकदा तांब्याभर पाणी ओतलं. भांडून नाही, चुकून सांडूनही नाही. पदर खोचून, नीट नेम धरून. नातवंडांना सांगते तेव्हा ती हसतात, मीही हसते. पण आषाढात झड लागली की दाराबाहेर कुणीतरी उभं आहे असं वाटतं. "कोण?" म्हणून हाक मारते. घरातले म्हणतात, कुणी नाही.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि साठीची अक्कल असल्याच्या थाटात वावरायची. माहेर लोणावळ्याचं. वडील तुंगार्लीला एका शेठच्या बंगल्यावर माळी. बंगल्यातला चहाचा चोथा वाळून आमच्याकडे दुसऱ्यांदा उकळायचा. स्वयंपाक उरकला की आई लाकडं ओढून पाणी मारायची आणि ते कोळसे वाळवून पुन्हा शेगडीत घालायची. आमच्याकडे काही म्हणून उगाच जळत नसे.

सासर डोंगराच्या पायथ्याचं. वरच्या वाडीतून उतरणाऱ्याला गावातलं पहिलं दार लागे ते आमचं. सासूबाई हाताने इतक्या आखडत्या, की डोक्याला तेल मागितलं तर वाटीत बोट बुडवून तेवढंच द्यायच्या. चूल मात्र त्यांची पावसाळाभर विझत नसे. रांधून झालं की निखाऱ्यांवर गोवरी ठेवायची, वरून राख ओढायची. भिंतभर रचलेल्या गोवऱ्या नुसत्या धुरात जायच्या. मी मनात म्हणायची, तेलाला रडणारी ही बाई इथं बरी उधळते! आई वाचवायची ते आमच्यासाठी. सासूबाई कुणासाठी जाळतात, हे विचारायचं शहाणीला सुचलंच नाही.

एकदा त्यांना लेकीकडे सुदुंबऱ्याला जावं लागलं. उंबऱ्यातून वळून म्हणाल्या, "इस्तू राख गं."

मी विस्तव राखला, पण माझ्या आईसारखा. माणसं भाकरी खाऊन भातलावणीला गेली आणि मी तांब्या रिकामा केला. काळे कोळसे सुपात पसरले, आणि सूप सासूबाईंना आल्या आल्या दिसेल अशा जागी ठेवलं. कौतुक व्हायला नको?

दुपारी वाडीवरची म्हातारी आली. डोक्यावर इरलं, हातात खापर. तिची लेक चार दिवसांची बाळंतीण होती.

"पानी आत शिरलं बाय. वाडीतल्या समद्या चुली भिजल्या. पोर गारठलंय. उलीसा इस्तू दे."

"बसा मावशी," म्हणत मी आत पळाले. काड्यापेटी सादळलेली. काडी केसांत घासून ओढली, तर गुल गळून पडला. दुसरीचाही. तिसरीचाही.

बाहेरून आवाज आला, "राख उकरायला एवढा येळ?"

शेजारचं घर हाकेच्या अंतरावर होतं. 'चूल विझली' एवढंच म्हणायचं होतं. पण सासू पाठमोरी झाली नाही तोच नव्या सुनेने चूल विझवली, हे गावभर झालं असतं. मी बाहेर आले आणि म्हणाले, "आज इस्तू भाईर देत न्हाईत, मावशी."

"कंचा दिस हाय आज?"

"हाय एक."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या खापराकडे. "बरं," म्हणाली आणि शेजारी न जाता वर वाडीकडे वळली. आपल्याला ठाऊक नसलेला दिवस अख्ख्या गावाचा असणार, असं तिने धरलं, असं मी समजले. इरलं बांधावरून चढताना मला दिसत होतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ते दिसेनासं झालं, आणि रात्रीच्या भाकरीसाठी शेवटी शेजारी 'चूल विझली' म्हणूनच मी विस्तव आणून चूल पेटवली.

तिसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. सूप बघून म्हणाल्या, "ह्ये काय?"

"राखलं, आत्याबाई. वाया न्हाई घालवलं."

"अगं, गोवऱ्या काय मला जड झाल्यात? वरनं कुनी आलं तर म्हून चूल धगत ठेवती म्या. कुनी आलंतं का?"

मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. खापरात निखारे घेतले, राखेने झाकले, इरल्याखाली धरले आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट पकडून मला वर नेलं.

मूल आदल्या संध्याकाळीच गेलं होतं. गारठ्याने, की मुळातच अशक्त होतं म्हणून, ते कुणाला सांगता आलं नाही. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून निजली होती.

सासूबाईंनी मला पुढे ढकललं. "सांग."

मी सांगितलं. दिवस कसलाच नव्हता. चूल मीच विझवली होती.

म्हातारीने निखारे चुलीत ओतले, वर पाचोळा टाकला, फुंकर घातली. जाळ धरल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली,

"चूल इझली व्हती व्हय? मग तसं सांगायचं की गं, पोरी. म्या दोन दिस लेकीला इचारत बसले, त्या घरचं आपल्याकडनं काय चुकलं म्हून."