कृपया मराठीत सादर करावे

आमच्या ऑफिसात फायलींना मुदत असते. ती संपली की रद्दी. किस्से मात्र 'कायम जतन' वर्गात! कोणी नवीन बदलून आलं की डबा खाताना आधी तेच बाहेर पडतात.

ऑफिस सरकारी, अंधेरीत, दाखले देणारं. पत्रं राजभाषेत, म्हणजे मराठीत जातात की नाही, ते बघणं माझं काम.

*

साहेब तमिळनाडूचे. इथे आल्यावर मराठीची परीक्षा पास होणं सक्तीचं. बिचारे मन लावून शिकले, पण सरकारी पत्रांवरून!

एकदा खालच्या टपरीवर जाऊन म्हणाले, "सदर ठिकाणी एक कटिंग तातडीने उपलब्ध करून देण्यात यावी."

टपरीवाला हात जोडून उभाच. त्याला वाटलं, टपरी उचलायची नोटीस आली!

*

आमच्या अधीक्षक कांबळे बाई. माहेर परभणीचं. ड्रॉवरमध्ये संविधानाची प्रत कायम, आणि ती शोभेला नाही. एक गृहस्थ काउंटरवर तावातावाने भांडायला लागले, "मराठीच का? कोणी ठरवलं?"

बाईंनी पान उघडलं. "कलम ३४५. राज्याची भाषा कुठली, ते विधानमंडळानं कायद्यानं ठरवायचं. आपल्याकडे मराठी ठरली. बसा, पाणी घ्या."

गृहस्थ बसले. पण आमचे शिपाई तावडे, मूळचे मालवणचे, मागून म्हणाले, "मगे मालवणीक कोणी इचारल्यान नाय?"

"अहो तावडे, मालवणी मराठीतच येते," बाई म्हणाल्या.

"मगे माझो रजेचो अर्ज 'कृपया मराठीत सादर करावे' म्हणून परत कित्याक इलो?"

शेरा मीच मारला होता. मी लगेच फाइल उघडून वाचायला लागले.

*

'इन्क्वायरी'ची पाटी काढून 'चौकशी' लावली. मनोरीहून एक आजी आल्या होत्या, बोटीने. तासभर जिन्यातच उभ्या. विचारलं तर म्हणाल्या, "माझी कशाला चौकशी? मी काय केलंय?"

बाईंना पटलं. दुसऱ्या दिवशी नवी पाटी: 'विचारा'.

तेव्हापासून लोक पाटी वाचतात आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याला जाऊन विचारतात!

*

मी एकदा टिपणी टाइप करून साहेबांना मेल केली. त्यांच्या कॉम्प्युटरवर आमचा मराठी फॉन्टच नव्हता. स्क्रीनवर नुसत्या उलट्यासुलट्या खुणा. साहेब अर्धा तास घाम पुसत वाचत बसले.

मग मला बोलावून म्हणाले, "मॅडम, भाषा जरा कठीण आहे. पण मुद्दा योग्य. मंजूर!"

*

आणि मग तो अर्ज आला.

पोस्टाने. दोन पानं, गोल गोल अक्षरं, एक शब्द कळेल तर शपथ. तावडे धावत साहेबांकडे घेऊन गेले.

"हे तेलुगू आहे," साहेब म्हणाले. "मी तमिळ."

"वाईच बघा तरी साहेब, शेजारचीच भाषा ना!"

"तावडे, तुम्ही मला कन्नड वाचून दाखवा."

मी सवयीने शेऱ्यासाठी पेन उचललं. बाईंनी माझा हात धरला. "थांब गं. कलम ३५०. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत माणूस गाऱ्हाणं मांडू शकतो. परत नाही पाठवायचा. वाचायचा."

"वाचणार कोण पण?"

दोन दिवस अख्खं ऑफिस तेलुगू माणूस शोधत होतं. झेरॉक्सवाला झाला, वॉचमन झाला, कोणाच्या तरी भावाची सासू झाली. शेवटी तावडेंनी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून मल्लेश नावाच्या लेथवाल्याला आणलं. हाताला ऑइल तसंच. साहेबांनी स्वतःची खुर्ची दिली. आम्ही सगळे भोवती. बाई लिहून घ्यायला पेन उघडून तयार.

मल्लेशने पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. परत पहिलं वाचलं आणि हसायलाच लागला.

"अरे बोल ना, काय आहे?"

"मॅडम, लिहिलंय की दाखल्यात आईचं नाव चुकलंय, नीट करून द्या."

"मग हसतोस काय?"

"पुढे लिहिलंय ना... 'याआधी मराठीत तीन अर्ज दिले. एकपण कोणी वाचला नाही. म्हणून हा बाजूवाल्याकडून तेलुगूत लिहून घेतला. आता निदान वाचायला माणूस तरी शोधाल.'"

बाईंनी विचारलं, "खाली नाव काय आहे?"

मल्लेशने कागद डोळ्यांजवळ नेला.

"दत्ताराम परब. दिंडोशी."