कुणाच्याही मागं न जाणारा मोहियोद्दीन

नगरच्या एमआयडीसीत मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मोहियोद्दीन सव्वीस वर्षं लेथ मशीनवर उभा होता. मूळचा कोल्हारचा. हात असा बसलेला की मापात केसाचा फरक नाही, आणि जीभ अशी फटकळ की जवळचा मित्र एक नाही. युनियनची वर्गणी द्यायचा, पण मीटिंगला त्यानं कधी पाय ठेवला नाही. आपलं काम चोख असलं की कुणाच्या मागं जायची गरज नाही, असं त्याचं म्हणणं. घोषणा देणाऱ्यांना तो मेंढरं म्हणायचा, आणि त्यांच्या पुढं चालणाऱ्या श्रीमंतला तर मेंढराइतकाही मान देत नसे.

श्रीमंत श्रीगोंद्याकडचा. दोघं एकाच वर्षी कामाला लागले. श्रीमंतला मशीन काही जमलं नाही. भाषण मात्र जमलं. त्या जोरावर तो युनियनचा अध्यक्ष झाला आणि पुढं दर खेपेला बिनविरोध निवडून आला. एकजुटीवर बोलताना त्याचा गळा हटकून दाटून यायचा.

गेल्या वर्षी कंपनीनं त्याला लोणावळ्याला तीन दिवसांच्या शिबिराला नेलं. तिथं कुणा वक्त्यानं सांगितलं, की माणूस आपल्या आयुष्याचा एकटा धनी असतो, दुसऱ्यासाठी जगणं हा दुबळेपणा. हे ज्ञान श्रीमंतच्या अंगाला चांगलंच मानवलं. परतला तो करार घेऊनच. कायम कामगारांना पगारवाढ, आणि पॅकिंगमधल्या चाळीस कंत्राटी बायका घरी. त्या बायकांचं काय, असं कुणीतरी भीत भीत विचारलं. जन्मभर एकजुटीचा जप केलेला हा गडी म्हणाला, ज्याचं त्यानं बघावं.

करारावर प्रत्येकाची वेगळी सही लागत होती. सगळ्यांनी माना खाली घालून केली. मोहियोद्दीननं केली नाही.

तेव्हा श्रीमंत त्याच्या घरी आला. मोहियोद्दीनच्या बायकोनं, इमामबीनं चहा दिला. तो फुरके मारत पिऊन श्रीमंत म्हणाला, "भाई, शेवटी तुझंच पटलं बघ मला. मानसानं सोताचं बघावं, हे तू लई आधीपासून म्हनत हुतास. मग आता अडलंय कुठं?"

मोहियोद्दीनला शिसारी आली. आपलाच घास कुणी चघळून परत ताटात टाकावा, तसं झालं.

"कुणाच्या मागं जात नाही म्हणायचो मी," तो म्हणाला. "कुणाच्या मानेवर पाय देतो असं कधी म्हणालो नाही. आणि सहीला तुझ्या मागं आलो, तर मग मेंढरू कोण?"

आठवड्यात त्याचा लेथ काढून घेतला आणि त्याला भंगाराच्या यार्डात बसवलं. बायका गेल्याच. पॅकिंगमधली सत्यशीला हिशेबाचे कागद घ्यायला आली, तेव्हा त्यानं मुद्दाम तिला गाठून सांगितलं, की मी सही केली नाही. चार चांगले शब्द ऐकायची त्याची तयारी होती.

"बरं केलं भाऊ," ती म्हणाली. "पन इतकी वर्सं मीटिंगला आला असता, तर त्यो बिनविरोध झाला असता का?"

त्या दिवशी डबा न उघडताच तो घरी आला. श्रीमंतसाठी राखून ठेवलेली शिवी त्यानं मनात स्वतःलाही एकदा देऊन पाहिली. ती चपखल बसली.

सहा महिन्यांत श्रीमंतनं अध्यक्षपद सोडलं आणि त्याच कारखान्यात मजूर पुरवायचं कंत्राट घेतलं. घरी बसवलेल्या बायकांतल्या निम्म्या त्याच्याच हाताखाली, कमी रोजावर परत आल्या. सत्यशीला आली नाही. ती मार्केट यार्डात कांदा निवडायला जाते. फाटकाजवळ श्रीमंत अजून हात वर करतो, मोहियोद्दीन रस्त्यावर थुंकून पुढं जातो.

मीटिंग मात्र आता तो एकही चुकवत नाही. घोषणा देत नाही, टाळ्या वाजवत नाही. शेवटच्या खुर्चीवर बसतो, आणि नवा अध्यक्ष रंगात आला की उभा राहून विचारतो, "ते राहू दे. करार वाचून दाखव, सगळा."