अण्णांचं तैवान

अण्णांना वेळ विचारली की ते दोन वेळा सांगत. "साडेचार. तिथं सात वाजलं. म्हातारीची ताटं धुऊन झाली आसतील." विचारणाऱ्याला मिरजेची बस गाठायची असायची. तो बिचारा या दोन वेळांपैकी नेमकी कुठली घेऊन पळावं या विचारात उभा राही, आणि बस निघून जाई. माझ्या अंदाजाने अण्णांच्या मनगटापायी सांगली आगाराच्या निदान हजारभर बसगाड्या लोकांना चुकल्या असतील. "तिथं" म्हणजे तैवानात, हे सांगायला नकोच. अण्णांच्या बोलण्यात जगात दोनच जागा होत्या, इथं आणि तिथं. पुणं, मुंबई, दिल्ली ही सगळी वाटेतली गावं.

मी रहिमतपूरचा. नव्वदच्या दशकात सांगलीत इंजिनिअरिंग शिकायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात उपासमारीने अर्धा झालो. खोलीवरचा जोडीदार मिलिंद, फलटणचा. त्यानेच शोध लावला. "गड्या, एक खानावळ बघून आलोय. बोर्डावर तीन शब्द हायत. शाकाहारी, घरगुती, स्वस्त. त्यातला स्वस्त सगळ्यात मोठा काढलाय." आम्ही धावत गेलो. या तीन शब्दांच्या वर, लाल रंगात, "तैवान भोजनालय" असं लिहिलेलं होतं. आम्हाला वाटलं, मालकाचं आडनाव असेल.

खरी हकीकत अशी. अण्णा सांगलीजवळच्या एका जैन शेतकरी घरातले. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते. मालकाने ठिबकच्या नळ्या काढायचं यंत्र तैवानहून घ्यायचं ठरवलं आणि ते शिकून यायला अण्णांना एकवीस दिवस धाडलं. आक्कांनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, बिनलसणाच्या भडंगाचा एक डबा बरोबर दिला. डबा म्हणजे केवढा, तर विमान त्या अंगाला कलतं म्हणून अण्णांना मधोमध बसवलं होतं. हे अण्णांनीच सांगितलं, मी पदरचं घालत नाही. चार दिवस भडंगावर काढले. पाचव्या दिवशी डबा वाजायला लागला. अण्णा कांदालसूण न खाणारे, अंडं-मांस तर लांबच. पाय ओढत गल्लीतून चालले असताना एका दारातून नुसत्या आल्याचा वास आला. आत एक म्हातारी, तिच्यापुढे लांब टेबलावर वीसेक भाज्यांच्या पराती. ती बौद्ध, शाकाहारी, आणि कांदालसूण तिच्या दुकानाच्या उंबऱ्यालाही शिवलेला नव्हता. अण्णा म्हणत, "मला वाटलं, ही आपल्या सांगलीकडचीच. लग्न करून लांब दिलीया."

मिलिंदने हे ऐकून घास थांबवला. "अण्णा, आमीबी बौद्धच की. आमच्यात लसूण संपला तर आई चूल पेटवत न्हाई."

"तुमचा फाटा येगळा आसंल," अण्णा म्हणाले आणि त्याला आणखी भात घ्यायला लावला.

परत आल्यावर वर्षभरात कारखाना बंद पडला. मालक गाव सोडून गेला आणि अण्णांचा पासपोर्ट ज्या कपाटात होता ते कपाटही गेलं. कॅमेऱ्याचा रोल धुतला तर छत्तीसच्या छत्तीस फोटो काळे. पुरावा म्हणून उरल्या जेवायच्या दोन काड्या. अण्णांनी शिल्लक घातली, खानावळ काढली आणि त्या काड्या काचेच्या पेटीत भिंतीवर लावल्या. समोर बापूंची मटणाची खानावळ. बापू एके काळचे पैलवान, मिशी अशी की तिच्यावर दोन लिंबं राहतील. ते पेटीसमोर उभे राहून भर गिऱ्हाइकांत म्हणाले, "आरं अण्णा, ह्या काड्या माझ्या बायकूनं स्वेटर इणायला आणल्या हुत्या, त्या हितं हायत व्हय?"

गावाचं मत बापूंच्या बाजूने होतं. अण्णा ते एकवीस दिवस इचलकरंजीला बहिणीकडे होते, असं कुणी म्हणे. कुणी म्हणे, मुंबईपर्यंत गेले आणि विमान बघून माघारी फिरले. अण्णा चिडत आणि चिडले की आणखी सांगत. तिथं एका स्कूटरवर पाच माणसं आणि सहावं कुत्रं बसतं. तिथं भूकंप झाला तर लोक उठत नाहीत, फक्त सुपाची वाटी हातात धरतात. दर सांगण्याला कुत्रं वाढे. मी शिकायला आलो तेव्हा एक होतं, दुसऱ्या वर्षी तीन झाली.

जेवणाची गोष्ट वेगळी. तैवानचं जेवण करायचं होतं आक्कांना, ज्या कोल्हापूरच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. अण्णा हातवारे करून सांगत. "पांढरं आसतंय. मऊ, चौकोनी. सोयाबीनचं."

"आन चव?"

"चव न्हाईच."

"मग करायचं कशाला?"

सोयाबीन घरच्या रानातलं होतं. आक्कांनी तीन आठवडे खटपट केली. त्यातला पहिला तुकडा शेजारच्या गवंड्याने मागून नेला, म्हणे जोत्याला बरा पडेल. चौथ्या आठवड्यात लिंबू पिळून तो बेत जमला, आणि मग चव नसलेली वस्तू पानात वाढायची आक्कांना लाज वाटली. त्यांनी त्यात कारळाची चटणी घातली. कोबी आलं घालून परतला आणि वर शेंगदाण्याचं कूट घातलं. कृष्णाकाठची वांगी तर त्यांनी अण्णांना न विचारताच भरली. टेबलाच्या टोकाला फुकट सुपाचं पातेलं असे. ते आमटीचं पाणी होतं हे आक्कांना ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं, फक्त अण्णा त्याला सूप म्हणत.

सूर्यास्तानंतर अण्णा खात नसत आणि खाऊही घालत नसत. थंडीत साडेपाचला शेवटचा भात. "तिथं आठ वाजलं, किती खाशीला?" म्हणून पराती उचलायचे. आम्ही नऊ वाजता पुन्हा भुकेने कळवळत समोर बापूंकडे रस्सा ओरपायला जात असू. अण्णांच्या धर्मावर बापूंच्या खानावळीचा वरचा मजला चढला, असं मी म्हटलं तर बापू नाकारणार नाहीत.

पण भांडणाचं खरं मूळ जेवण नव्हतं, ताट होतं. भिंतीवर पाटी होती, "आपल्या हाताने घ्या, आपल्या हाताने न्या." घ्यायला कुणाची ना नव्हती. न्यायला मात्र अख्खा जिल्हा आडवा आला. जेवण झालं की आपलं खरकटं ताट उचलून मोरीजवळच्या पिंपात ठेवायचं. अण्णांनी म्हातारीच्या दुकानात तिथल्या कारखान्याच्या मालकाला, मोटारीतून आलेल्या माणसाला, स्वतःचं ताट नेताना पाहिलं होतं आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी कायमचं हललं होतं. आमच्याकडचे बाप्ये ताटात हात धुऊन ढेकर देत आणि चालू लागत. अण्णा दारात आडवे होत.

"आमच्या घरात कवा कुणी ताट उचललं न्हाई, आवं."

"म्हणून तुमच्या आईची कंबर गेली."

बापूंनी हे ऐकलं आणि भर रस्त्यात आव्हान दिलं. "तैवान-बिवान काय न्हाई. आक्काची भांडी वाचवायला काढल्याली थाप हाय ही. तिथला एक माणूस आणून दाखीव. हे जेवान तिथलं हाय म्हणाला, तर मी माझं ताट उचलीन. न्हाई म्हणाला, तर बोर्ड उतरवायचा."

"उतरवीन," अण्णा म्हणाले. माणूस आणणार कुठून, या भरवशावर म्हणाले असावेत.

आणि तो बापूंनीच आणला. इस्लामपूरच्या बाजूला एका सूतगिरणीत नवी यंत्रं बसवायला तैवानचा इंजिनिअर आलाय, अशी बातमी बापूंना लागली. त्यांनी आपली राजदूत फटफटी काढली आणि त्या सडपातळ लिनसाहेबाला मागे बसवून सांगलीत आणलं. पाच वाजता उतरला तेव्हा त्याचे केस मागच्या मागे उभे राहिले होते आणि दोन्ही हात बापूंच्या पोटाभोवती असे आवळले होते की सोडवायला दोघे लागले. गल्ली भरली. समोरच्या माडीवर माणसं, खांबावर माणसं. माझं इंग्रजी त्यातल्या त्यात उभं राहणारं, म्हणून मला मधे घातलं.

अण्णांचं तोंड उतरलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बोर्डाचं काय न्हाई रं. पण उद्यापास्नं मी खोटा."

लिनसाहेबाने काही न विचारता ताट घेतलं. पराती बघत गेला, थोडंथोडं घेतलं, स्वतःच पातेल्यातलं सूप वाटीत ओतलं. इथवर अण्णांच्या अंगात जीव आला. समोर बापू ताट वाढून बसले, पहाऱ्याला. साहेबाने सोयाबीनचा चौकोन तोंडात टाकला. आधी कान लाल झाले, मग मान. डोळ्यांतून धारा लागल्या. तीन तांबे पाणी गेलं. आम्हाला वाटलं, गिरणीत आता कळवावं कसं? पण तो पुन्हा वाकला आणि दुसरा चौकोन घेतला. मग तिसरा. ताट पार पुसून काढलं.

"तैवान?" अण्णांनी विचारलं.

साहेबाने बराच वेळ विचार केला. खोटं बोलायची सवय नसावी. "नो," तो म्हणाला. "नॉट तैवान."

याचं भाषांतर कुणाला लागलं नाही. गल्लीत असा हल्लकल्लोळ उठला की नदीकाठची वटवाघळं दिवसाढवळ्या उडाली. साहेब गोंधळला. मग त्याने मला विचारलं, तैवानचं नाही, मग हे जेवण कुणाचं? मी त्याचा प्रश्न मोठ्याने मराठीत सांगितला. आतल्या दारात आक्का उभ्या होत्या. चार वर्षांत मी त्यांना गिऱ्हाइकांपुढे बोलताना ऐकलं नव्हतं.

"माझं हाय," आक्का म्हणाल्या.

मी इंग्रजी केलं. साहेब उठला, आक्कांकडे बघून कमरेत वाकला. मग खाली बघून त्याने आपली वाटी ताटात ठेवली, ताट उचललं, पिंपापाशी गेला, सावकाश आत ठेवलं. परत आला आणि खिडकीतलं फडकं घेऊन आपल्यापुढचं टेबल पुसलं.

एवढं सगळं त्याने कुणी न सांगता केलं. पाटी मराठीत होती.

"पुसायचं मी सांगितलंच न्हवतं," अण्णा हळूच म्हणाले. "म्हटलं, तुमास्नी एवढं सोसायचं न्हाई."

मग त्यांनी शिडी आणली. "जेवान तिथलं न्हाई म्हणालाय. शब्द म्हंजे शब्द." दोन पायऱ्या चढले असतील, तोच बापूंनी खालून शिडी धरली.

"उतर खाली. गेला हुतास तू."

"पण जेवान..."

"जेवान वैनींचं. तैवान तुजं. ऱ्हाऊ दे दोनीबी."

आणि बापू आत गेले. मेलेला उंदीर शेपटीला धरून न्यावा तसं त्यांनी आपलं ताट दोन बोटांत धरलं आणि पिंपात सोडलं. त्या दिवशी पिंपापाशी रांग लागली. आयुष्यात पहिल्यांदा ताट उचललेले लोक एकमेकांकडे असे बघत होते, जणू सगळे एकदमच उघडे पडले.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण अण्णा गप्प झाले. कुणी म्हणालं, "अण्णा, ते कुत्र्याचं सांगा," तर म्हणत, "हाय की तसं. पटतंयच तुमास्नी." संपलं. पटलेल्या माणसाला काय सांगायचं? आठ दिवस गेले, पंधरा गेले. आक्का मला म्हणाल्या, "मानूस बोलंना झालाय रं. भांडी वाचली, पर घरात करमंना."

मी हे बापूंच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी पाचला बापू दारात येऊन उभे राहिले आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "अण्णा, मी रातभर इचार केला. एक माणूस ताट उचलतो, यानं काय सिद्ध हुतंय? माझा मेव्हणाबी उचलतो. तो काय तैवानचा हाय?"

अण्णांच्या हातातला डाव खाली पडला. "बस खाली!" ते गरजले. त्या दिवशी स्कूटरवर चार कुत्री बसली, आणि सूर्य मावळला तरी पराती उचलायचं त्यांना भान राहिलं नाही.

शिकून मी साताऱ्याला नोकरीला लागलो. लग्न झालं. सासरी पहिल्याच जेवणाला सवयीने ताट घेऊन उठलो, तर सासूबाई रडायला लागल्या. त्यांना वाटलं, जावई रुसला. मी तैवानचं सांगत बसलो. त्यांनाही पटलं नाही, आणि मला तेव्हा कळलं की न पटण्यात सांगणाऱ्याची किती मजा असते.

दशक संपता संपता मिलिंदचा निरोप आला की अण्णांचं काही खरं नाही. गेलो. भिंतीकडे तोंड करून पडले होते. चार दिवस कुणाशी शब्द नाही, मला बघूनही डोळे मिटले. बापू खाटेशेजारी स्टुलावर बसले होते, मिशी पांढरी, गुडघे धरलेले. मग बापू वाकले.

"अण्णा, आता शेवटचं तरी खरं बोल गड्या. तू इचलकरंजीलाच हुतास न्हवं?"

मग पांघरूण हललं. अण्णा हळूहळू आमच्याकडे वळले. आवाज नव्हताच, नुसती हवा होती, पण त्या हवेतही राग होता.

"कोण म्हनतंय? बस खाली. विमान सुटलं तवा..."

आक्कांनी दारातून बघितलं. डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "बापू, आता उठू नगासा. दोन तास लागत्यात त्यास्नी."