त्रेचाळीस झोपड्या

नलिनी परबचा हात लवकर उठायचा. घाटकोपरच्या शाळेत तिने डबा पळवणाऱ्या मुलीचा पुढचा दात पाडला होता, आणि पुढे कॉलेजात असताना बसमध्ये लगट करणाऱ्या एका इसमाला छत्रीने असा बडवला होता की छत्रीच्या काड्या निघाल्या. गिरणी बंद पडून घरी बसलेले तिचे वडील गुणाजी दरवेळी मालवणीत तेवढंच म्हणायचे, "हात आवर गो, चेडवा." तिने कधी आवरला नाही. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने घातलेला सगळ्यात मोठा घाव हात न उचलताच बसला.

अंधेरीच्या एका नकाशा कंपनीत ती उपग्रहाची चित्रं वाचायची. चित्रातले शेजारशेजारचे, एकसारखे ठिपके संगणक एकत्र करतो आणि त्यांचा एक तुकडा बनवतो. मग त्या तुकड्याचा आकार, रंग, पोत बघायचा, शेजारी काय आहे तेही बघायचं आणि त्याला नाव द्यायचं: छप्पर, रस्ता, चिखल, खारफुटी. नावं देण्याचे नियम नलिनी लिहायची. त्या कामात ती तरबेज होती, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

वर्सोव्याच्या खाडीलगत खारफुटी तोडून नव्या झोपड्या किती उठल्या, ते शोधायचं काम आलं. एक चित्र सप्टेंबरचं, एक फेब्रुवारीचं. सप्टेंबरात मोकळी असलेली जागा फेब्रुवारीत लांबट, करड्या तुकड्यांनी भरली होती. कडा सरळ, बाजूला घरं. नलिनीने नियम लिहिला आणि संगणकाने त्रेचाळीस नव्या झोपड्या मोजून दिल्या. हाताखालची दर्शना म्हणाली की एकदा जाऊन बघू या, रिक्षाने वीस मिनिटं लागतील. नलिनीचं डोकं सटकलं. बावीस वर्षं हेच करतेय, आता तू शिकवणार का, असं सगळ्यांदेखत सुनावून तिने अहवालावर सही ठोकली.

मार्चमध्ये त्या झोपड्यांवर पालिकेचं तोडकाम निघालं. हद्द दाखवायला नकाशा करणारं माणूस हवं म्हणून श्यामसुंदरसरांनी, म्हणजे तिच्या साहेबांनी, तिलाच पथकाबरोबर पाठवलं. गाडीतून उतरताच वास आला. लहानपणापासून पावसाळाभर जे खाल्लं ते सुके बोंबील! समोर बांबूच्या वलांड्या होत्या, आणि त्यांच्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून हजारो बोंबील वाळत होते. पावसाळ्यात वलांड्या मोडून ठेवतात आणि थंडीत पुन्हा उभ्या करतात. कोकणी घरातल्या पोरीला हे कळू नये?

ती तोंड उघडेपर्यंत जेसीबीचा दात पहिल्या वलांडीत घुसला. बांबू फटाफट फुटले. बायका धावल्या, दगड उडाले, जेसीबीची काच फुटून चालकाचा गाल फाटला. पथकातल्या दोघांनी एका कोळ्याला खाली पाडून लाथांनी तुडवलं, त्याच्या तोंडातून रक्त आणि चिखल एकत्र येत होता. जिची वलांडी आधी पडली त्या द्रौपदी नावाच्या साठीच्या कोळणीला एकजण केसांना धरून ओढत होता.

नलिनी पथकाच्या साहेबांपुढे आडवी आली. ह्या झोपड्या नाहीत, थांबवा, असं ती ओरडत राहिली. साहेबांनी कागद तिच्या तोंडासमोर धरला.

"बाई, सही तुमचीच ना?"

जेसीबी पुढे सरकला. द्रौपदीने मात्र ते ऐकलं होतं. हिसडा मारून ती सुटली आणि तुटका बांबू उचलून समोर उभी राहिली.

"तू काढलास हा नकाशा?"

"हो, मावशी. मी."

पहिल्या फटक्यात नलिनीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. सवयीने तिची उजवी मूठ वर गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने ती खाली घेतली. दुसरा फटका त्याच हातावर बसला. बोटं मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला.

इस्पितळात जबाब घ्यायला फौजदार आले. त्यांना द्रौपदीचं नाव हवं होतं, बाकी कलमं त्यांच्याकडे तयार होती. नलिनीला दुखत होतं आणि राग तर अजून धगधगत होता, पण तो कुणावर काढायचा हे तिला आता नीट कळलं होतं.

"पहिला घाव माझा होता," ती म्हणाली. "फेब्रुवारीत घातला. तेवढं लिहा."

नकाशा काढणं हा गुन्हा होत नाही, फौजदार म्हणाले. मग मला कुणी मारलं नाही असं लिहा, असं सांगून तिने डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली. त्रेचाळीस झोपड्या खोट्या आहेत आणि चूक माझी आहे, असं पालिकेला पत्रही तिने दर्शनाकडून लिहवून घेतलं. कंपनीने तिला नियम लिहिण्याच्या कामावरून काढून साध्या तपासणीला बसवलं.

पुढच्या फेब्रुवारीत नवं चित्र तिच्याकडे तपासायला आलं. त्या जागी तीनच करडे तुकडे होते, आणि संगणकाने तिच्याच जुन्या नियमाने त्यांना झोपड्या म्हटलं होतं. नलिनी रिक्षा करून वर्सोव्याला गेली. द्रौपदी वलांडीपाशी उभी होती. तिने नलिनीला ओळखलं, तिच्या वाकड्या बोटांकडे एकदा बघितलं, मग पाठ फिरवून बोंबलाची पुढची जोडी दोरीला अडकवली.