दोरीवरची माझी जागा

पुण्याची एसटी मालवणच्या स्टँडवर लागली होती. माझी बॅग टपावर चढली होती. आईने मला बाजूला घेऊन एक साधा प्रश्न विचारला आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आपल्या गावच्या पुण्यातल्या मंडळाने यंदाच्या अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला. विषयही त्यांनीच दिला: पिढीजात धंदा सोडून नवं काम धरताना वाटणारी भीती तुम्ही कशी घालवलीत? मी मासेमारी सोडून लिफ्ट दुरुस्तीत आलो, टिकलो, सिंहगड रोडला दोन खोल्यांचा का होईना फ्लॅट केला, म्हणून मला विचारलं असावं. धीर देणारं काहीतरी लिहा, असं सेक्रेटरी म्हणाले. लिहायला बसलो की मला ते स्टँडच दिसतं.

आमचं घर रापणीचं. जे गावाबाहेर वाढले त्यांच्यासाठी सांगतो. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं सोडून यायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून ओढायच्या. गाव दोन बाजूंना वाटून उभा राहतो. दोरीवर प्रत्येक घराची एक जागा असते. घरचा माणूस जागेवर असला की घरात मासळीचा वाटा येतो; जागा रिकामी राहिली तर ती जाते. बापाची जागा थोरल्या मुलाला मिळते. बाबांचे गुडघे गेले तेव्हा ती माझ्याकडे आली.

एका हंगामात जाळं सोडताना होडी कलंडली आणि मी जाळ्याखाली अडकलो. कुणीतरी केसांना धरून वर खेचलं. मी वाळूत पाणी ओकत होतो आणि माणसं हसत होती. "आज बांगडो नाय गावलो, पण ह्यो गावलो!" मीही हसलो. हसावंच लागतं. पण त्यानंतर घोट्याला पाणी लागलं तरी माझी छाती धडधडायची. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या गाबिताच्या पोराने समुद्राला भ्यावं, ही कुणाला सांगायची गोष्ट नव्हती. होडीत चढायची पाळी आली की मी पोटदुखीचं निमित्त काढायचो. पुण्यात लिफ्टच्या कंत्राटदाराला माणसं हवीत असं कळलं, तेव्हा घरी म्हणालो, एक हंगाम जातो, चार पैसे गाठीला बांधून येतो. खरं म्हणजे परत यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

नारळी पौर्णिमेला बाबांनी समुद्राला नारळ देताना गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, माझो थोरलो झील पुण्याक जाताहा. तेका सुखरूप ठेव आनी फुडल्या वर्सा ह्याच जाग्यार परत हाडून उभो कर रे म्हाराजा." सगळी माणसं एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा." त्यांच्यात माझाही आवाज होता.

आणि मग ते स्टँड. माझा धाकटा भाऊ सुधीर, आम्ही त्याला सुध्या म्हणतो, तेव्हा नुकताच बारावी झाला होता. त्याचं डोकं इंजिनात. कुणाचा पंप बंद पडला, कुणाची लुना अडली, की त्याला हाक यायची. त्याला सावंतवाडीच्या आयटीआयला मोटर मेकॅनिकचा कोर्स करायचा होता. प्रवेशाची मुदत दोन-चार दिवसांत संपत होती. आई त्याबद्दलच विचारत होती.

"खरा सांग झिला. तू परत येवचो नसशीत तर वाट्याचा काय ता बघू, सुध्याक सावंतवाडीक धाडतंय. येवचो आसशीत तर ऱ्हवात तो एक वरीस तुझ्या जाग्यार."

मी म्हटलं, "येतलंय गो आये. एका हंगामाचो तर प्रश्न."

तिने मान हलवली. "बस लागता तुका, खिडकीत बस," म्हणाली आणि सुक्या बांगड्यांची पुडी हातात दिली.

का खोटं बोललो? नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. पण ते अर्धंच खरं आहे. पुण्यात नाही जमलं तर परत यायला एक जागा मला हवी होती. समुद्राची भीती होतीच, पण नव्या कामाची त्याहून जास्त होती. म्हणून मी जागा सोडली नाही. तिथे भावाला उभं करून गेलो.

सुध्या तेव्हापासून तिथेच उभा आहे.

पहिल्या वर्षी मी फोनवर म्हणालो, काम शिकतोय, आणखी एक हंगाम. दुसऱ्या वर्षी म्हणालो, परमनंट करतायत. मग लग्न, मग मुलगी, मग कर्ज. मी कधीच "येत नाही" म्हणालो नाही. दरवेळी "यंदा नाही" एवढंच म्हणालो. घरात आयटीआयचं नाव निघेनासं झालं. रापणीतली माणसं सुध्याला 'बदली' म्हणू लागली. मी मे महिन्यात गेलो की कुणीतरी हाळी द्यायचंच, "काय रे बदली, आज मालक इलो! तू बस आता सावलीक." सुध्याही हसायचा. आमच्या घरात सगळ्यांना हसता येतं.

इथे माझं बरं चाललं. उंच इमारतीच्या शाफ्टमध्ये, लिफ्टच्या टपावर उभा राहून मी काम करतो. खाली अंधारा खड्डा असतो, पण मला काही वाटत नाही. त्यात पाणी नसतं ना. सोसायटीतली माणसं म्हणतात, "काका, तुम्हाला भीती कशी वाटत नाही?" मी नुसता हसतो. बायको साताऱ्याकडची, घरात मालवणी बोलायला कुणी नाही. मुलगी माझ्या भावाला 'अंकल' म्हणते. फोनवर माझी मालवणी आता दोन वाक्यांनंतर पुणेरी होते.

गावी गेलो की मला पाटावर आधी बसवतात. सुरमईची मोठी तुकडी माझ्या ताटात पडते. सुध्याची बायको म्हणते, "भावोजी, तुमका थंय खंय गावतली अशी?" सुध्या नुसता कालवण-भात जेवतो. ओढून ओढून त्याच्या तळव्यांचं कातडं असं झालंय की त्याने माझ्या पाठीवर थाप मारली की शर्ट खरखरतो.

बाबा गेल्यावर एकदा मी नारळी पौर्णिमेला गावी होतो. गाऱ्हाणं आता सुध्या घालतो. मी मागे उभा होतो. त्याने बाबांचेच शब्द घेतले, फक्त झीलच्या जागी भाव म्हणाला. "माझो थोरलो भाव भायर आसा, तेका तेच्या जाग्यार परत हाड रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणालो. दुसऱ्यांदा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते सांगतो. मागच्या महिन्यात सुध्याचा फोन आला. तळेऱ्याच्या फाट्यावर त्याच्या ओळखीच्या एका माणसाचं गॅरेज आहे. रापणीला हल्ली मासळी लागत नाही, ये माझ्याकडे, इंजिनाचं काम तू बघ, असं तो म्हणतोय. सुध्याला जावंसं वाटतं. पण तो चाळिशी ओलांडलेला.

"दादा, तू कसो गेलंस रे? भियालंस नाय? गिऱ्हायकाची गाडी उघडलंय आनी माका जोडूक नाय जमली तर? पोरगे हसतले."

खरं सांगायची हीच वेळ होती. आणि मी त्याला भाषण दिलं. भीती सगळ्यांनाच वाटते, पाय उचलायचा, मी मागे वळून बघितलं नाही, वगैरे. मंडळाला हवा असलेला लेखच मी त्याला ऐकवला.

तो म्हणाला, "तू धीराचो, दादा. तुझ्यासारख्या माका नाय जमाचा. आनी तुझी जागा खंय टाकू? बाबांनी राखूक सांगल्यानी." गॅरेजवाल्याला नको म्हणून सांगतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

धंदा बदलणाऱ्याची भीती मी पाहिली आहे ती अशी. नवं काम हातून होईल की नाही, हे माणूस कसंबसं सोसतो. पण मागे आपलं म्हणून काही उरणार नाही, हे सोसवत नाही. मला ते सोसावंच लागलं नाही. सुध्याच्या मागे मात्र कुणी उभं नाही. तरी तो स्वतःला भित्रा समजतो, आणि तो तसा समजतो ते माझ्या खोट्यामुळे.

तुमच्यातले जे गेले त्यांना आणि जे राहिले त्यांनाही घर म्हणजे काय ते मी सांगू शकत नाही. माझ्यापुरतं घर म्हणजे माझ्या नावाने दुसऱ्याने राबून राखलेली जागा. तिथे मी पाहुणा म्हणून जेवतो.

गॅरेजवाल्याला अजून दुसरा माणूस मिळालेला नाही, असं सुध्याची बायको परवा फोनवर म्हणाली. अंक छापून गावात पोहोचायच्या आधी मला तिकडे जायला हवं. मी धीराचा नव्हतो, समुद्राला भिऊन पळालो होतो आणि परत येणार नाही हे जाताना मला माहीत होतं, हे सुध्यापुढे बसून सांगायचं आहे. ती जागा माझी नाही, हे रापणीच्या सगळ्या माणसांसमोर बोलायचं आहे. एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.